जमिनीखालची शिल्लक

दुकानातील माल डोळ्यांसमोर असतो. त्यात घट आली तर ती सायंकाळपर्यंत ध्यानात येते. जो माल जमिनीखाली टाकीत ठेवावा लागतो, त्याची गोष्ट निराळी. पेट्रोलपंपाच्या टाकीस वा नळीस गंज चढून बारीकसे छिद्र पडले, तर धन्याच्या वहीत ती केवळ तूट दिसते. शेजाऱ्याच्या पाण्यात मात्र ती विष होऊन उतरते. सुरतेच्या लिंबायतीसारख्या भागाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य आम्हांस विशेष जाणवते.

लिंबायतीची वस्ती अत्यंत दाट. कापडधंद्याच्या आश्रयाने खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे तेथे नांदतात. मिठी खाडीस पूर आला की पाणी घरांत शिरते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते, आणि अशा वेळी रिकामी टाकी पाण्याच्या दाबाने उचलली जाऊन जोडनळ्या निखळण्याचा धोका असतो. २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर पाहिलेल्या सुरतकरांस हे भय काल्पनिक वाटणार नाही.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. परंतु त्यातील बेंझीन काही अंशी विरघळून प्रवाहाबरोबर पुढे जाते. हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगास कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेंझीन शेकडा १ पर्यंत चालते. हिशेब केला तर १ लिटर पेट्रोलमधील तेवढे बेंझीन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते! आपण पाणी गाळून पितो ते सूक्ष्म जीवांच्या रक्षणार्थ. विरघळलेले विष कोणतेही गळणे अडवू शकत नाही.

यावर पहिला पहारा रोजमेळाचाच. आरंभीची शिल्लक, आलेला माल, झालेली विक्री आणि टाकीत मोजकाठी बुडवून घेतलेली अखेरची शिल्लक यांचा मेळ रोज घालावा. उष्णतामानाने थोडी घटवाढ होतेच. परंतु तूट दिवसेंदिवस एकाच दिशेने पडू लागली, तर ती गळतीची सूचना समजावी.

दुसरा पहारा निरीक्षण-विहिरींचा. टाकीभोवती किमान ३ विहिरी असाव्यात, कारण ३ ठिकाणची पातळी कळली म्हणजे भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढता येते. नमुना घेताना साचलेले पाणी आधी उपसावे. मग ताजे पाणी काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरून, थंड ठेवून प्रयोगशाळेत धाडावे. बेंझीन लवकर उडून जाते, म्हणून ही दक्षता.

तथापि सर्वांत महत्त्वाची तपासणी गळतीपूर्वीची होय. औद्योगिक नगरात पाणी अन्य कारणांनीही दूषित झालेले असू शकते. पहिली नोंद नसेल तर दोष कोणाचा, हे पुढे ठरविणार कसे? आरंभीच्या शिलकेवाचून खतावणी जुळत नाही, तद्वतच हे. अशी नोंद निर्दोष व्यापाऱ्याचे रक्षण करते आणि पीडित शेजाऱ्यास पुरावा देते.

अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. तेथे आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेठेत भूमिगत तेलवाहिनीच्या गळतीने कूपनलिकांत तेल उतरले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवे पंप वस्ती, शाळा व रुग्णालये यांपासून सामान्यतः ५० मीटर दूर ठेवण्याचे मार्गदर्शन केले. पण दाट वस्तीत पूर्वीपासून असलेल्या पंपांसाठी दक्षता हाच मार्ग उरतो.

आमच्या व्यापारी बंधूंस विनंती एवढीच की, पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा पाण्याची तपासणी करवावी आणि तिचा अहवाल शेजाऱ्यांसही दाखवावा. भूजल हे साऱ्या वस्तीचे समाईक भांडवल आहे. त्याचा हिशेब चोख ठेवणे यातच पेढीची खरी पत आहे.