उभारावे आणि सोपवावे

परळचे टाटा हॉस्पिटल कोणाचे, असे विचारले तर बहुतेक जण टाटांचेच म्हणतील. प्रत्यक्षात ते १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. मालकी गेली आणि नाव राहिले, हे ते उभारणाऱ्या सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अपयश नाही. उलट, संस्था उभी करायची, ती चालू शकते हे दाखवायचे आणि मग समाजाच्या हवाली करायची, हीच या ट्रस्टची खरी कमाई आहे.

ट्रस्टची स्थापना झाली मार्च १९३२ मध्ये. आदल्याच वर्षी दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या होत्या. जूनमध्ये दोराबजीही गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. १९२४ च्या मंदीत टाटांचा पोलाद कारखाना वाचवण्यासाठी त्यांनी आपली खाजगी मालमत्ता गहाण टाकली होती आणि तीत २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. पुढे तो विकून आलेली रक्कम ट्रस्टलाच मिळाली. विद्येची वाढ, संशोधन आणि दुःखनिवारण हे हेतू दोराबजींनी मुद्दाम ऐसपैस ठेवले होते. स्थळ, राष्ट्रीयत्व, धर्म यांची अट घातली नव्हती. म्हणूनच ट्रस्टने पुढे अनेकदा वाट बदलली, तरी मूळ इच्छेशी प्रतारणा झाली असे म्हणता येत नाही.

पहिल्या टप्प्यात भर संस्थांवर होता. १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सात मजली इमारतीत ८० खाटांचे कर्करोग रुग्णालय, म्हणजे आजचे टाटा हॉस्पिटल, उघडले. मार्च १९४४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था मागितली. अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमावर बाँब पडायला तेव्हा वर्षाहून अधिक काळ होता. इतक्या दूरच्या गोष्टीवर पैसा लावणे सरकारला जड जाते. मतदारांना उत्तर द्यायचे नसलेल्या ट्रस्टला ते जमले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सुरू झाली. पुढे तिचाही भार मुख्यतः केंद्र सरकारने उचलला.

यावर पहिला आक्षेप असा, की हा तर करदात्यांच्या गळ्यात खर्च बांधण्याचा प्रकार झाला. पण रुग्णालयाचा खर्च दरवर्षी वाढतच जातो. ट्रस्ट त्यातच अडकला असता, तर पुढच्या कामासाठी हात मोकळे राहिले नसते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. टाटांच्या मुळशी धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर ज्यांनी सत्याग्रह केला, त्या मावळ्यांच्या दृष्टीने टाटांचे दातृत्व म्हणजे भरपाई नव्हे. हे मान्यच करावे लागते. शिवाय टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटांच्या विविध ट्रस्टांकडे आहेत. एवढी सत्ता मोजक्या विश्वस्तांच्या हाती असणे लोकशाहीत खटकते. पण नेमक्या याच कारणाने संस्था सोपवण्याला महत्त्व येते. सार्वजनिक झालेल्या संस्थेबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो, विश्वस्तांच्या बैठकीत नाही.

अलीकडच्या दशकांत ट्रस्ट गावांकडे वळला. पाणी, शेती, पोषण, उपजीविका ही कामे स्वयंसेवी संस्थांमार्फत होऊ लागली. गरज खरी आहे, पण प्रकल्पाची मुदत संपली की कामही थांबण्याचा धोका इथे मोठा आहे. संस्था उभी करूनही ती अर्धवटच सोपवली तर काय होते, ते जून २०२४ मध्ये टिसमध्ये दिसले. टाटांच्याच टाटा एज्युकेशन ट्रस्टचे अनुदान वेळेत न आल्याने त्यावर अवलंबून असलेल्या शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे गेली. निधीचे आश्वासन मिळाल्यावर दोन दिवसांत ती मागे घेण्यात आली. याउलट, आसाममध्ये टाटा ट्रस्ट्स या टाटांच्या ट्रस्टांच्या समूहाने राज्य सरकारला पहिल्यापासून भागीदार करून कर्करोग रुग्णालयांचे जाळे उभारायला घेतले आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यांतली सात रुग्णालये सुरू झाली. सोपवणीचा विचार इथे पायाभरणीतच आहे. म्हणून कोणत्याही धर्मादाय निधीचा अहवाल वाचताना किती कोटी वाटले एवढेच पाहू नये; त्याच्या पैशाविना आज काय चालू आहे, हेही विचारावे.