वीणा, रंगपेटी आणि सात गुण

राहात्याकडची पोरं कलेत कुठून शिरली हे शोधायचं तर आधी शाळेबाहेर पाहावं लागतं. शेजारच्या शिर्डीत 1911 च्या सुमारास उरुसाला रामनवमीची जोड मिळाली. साईबाबांचे भक्त कृष्णराव भीष्म कीर्तनाला उभे राहिले, दुसरे भक्त काका महाजनी पेटीवर बसले. पुढे हे कीर्तन दासगणू महाराजांकडे गेलं. गोदाकाठी गंगागिरी महाराजांनी रुजवलेले हरिनाम सप्ताह तर त्याच्याही आधीचे.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लागतात, आणि रात्रीच्या पहाऱ्याला टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी दहा-बारा वर्षांचा एखादा पोरगा डुलक्या घेत उभा असतो. शेजारच्याच्या हाताकडे बघून ठेका धरायचा. चुकला की पखवाजवाला डोळे वटारणार. फी नाही, प्रमाणपत्र नाही, पण सात दिवसांत कान तयार. मुलींना मात्र या रांगेत सहजी जागा नव्हती, आणि परंपरेचे गोडवे गाताना हे आपण सोयीस्कर विसरतो.

त्यांना जागा दिली शाळेने. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या. गॅदरिंगमध्ये मुली नाचल्या, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र: पाण्याची बाटली, चिंधी आणि कंपास घेऊन परीक्षेला जाणारी ही पिढी चित्रकार झाली नसेल, पण तांब्याची सावली कुठे पडते हे तिला कळलं.

दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा चित्र पालटलं. 2017 च्या निर्णयानंतर अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. नाकं मुरडणारे पुष्कळ. माझं मत वेगळं आहे. सात गुणांच्या लोभाने का होईना, घरात रंगपेटी आली. लोककलेलाही गुण आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा कागद लागतो. सप्ताहातल्या टाळकऱ्याने तो कुठून आणायचा?

खरी खोट शिकवणाऱ्यापाशी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक दिला, तोही पट शंभरावर असेल तरच. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट तिथवर जातो कुठे? रंगपेटी पोचली तरी ब्रश किती ओला करायचा, हे सांगायला तिथे माणूस नाही.