फूल, दोन पानं आणि गोव्याचा कौल
लोकशाहीत भांडण मिटलंच पाहिजे असं नाही. ते कोणत्या नियमांनी भांडायचं एवढं ठरलं तरी पुष्कळ. १९६७चा गोव्याचा जनमत कौल घ्या. प्रश्न जिव्हाळ्याचा होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी, तर विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरा कट्टर विरोधक. सत्तेवर बसून सरकारनंच कौल घेतला तर तो निःपक्ष कसा, हा आक्षेप रास्तच होता. बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. (आज कितीजण देतील?) ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ या दैनिकांची जुंपली, आणि गंमत म्हणजे दोघंही मराठीतच भांडत होते.

१६ जानेवारीला मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. हरलेली बाजूही काही मूठभर नव्हती. तरी निकाल टिकला. पुढं मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ३०पैकी १६ जागा बांदोडकरांच्याच पक्षाला मिळाल्या. मतदारांनी त्यांचा मुद्दा नाकारला होता, त्यांना नव्हे. सिक्वेरा पुन्हा विरोधी बाकावर बसले.