भांड्यावरचे नाव

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली उभी राहिलेली ही गोल, दुमजली पेठ. मधोमध जगदंबेचे देऊळ आणि भोवताली रस्त्यागणिक वेगळा बाजार. सोने एकीकडे, चपला दुसरीकडे, मिरची-गूळ तिसरीकडे. यातल्याच एका रस्त्यावर दहा बाय बाराच्या गाळ्यात एक गिफ्टचे दुकान आहे. मालकांना जाहिरातीची हौस नाही, म्हणून दुकानाचे नाव सांगत नाही.

असले दुकान पंचांग पाहूनच चालवावे लागते. संक्रांतीला हलव्याचे दागिने आणि लुटायचे वाण, पाडव्याला साखरेच्या गाठी, श्रावणात राख्या, पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात मखरे आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे, दिवाळीत आकाशकंदील आणि डिसेंबर उजाडला की कागदी चांदण्या. पौर्णिमेच्या दुपारी वीस रुपयांना गेलेली राखी दुसऱ्या दिवशी फुकट दिली तरी कोणी नेत नाही. नववर्षाच्या भेटकार्डांवर हे दुकान एके काळी तगून होते. मोबाइल आले आणि कार्डांच्या त्या फिरत्या स्टँडवर आता कीचेन लटकतात. २०१८च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आधीच भरून ठेवलेली मखरे माळ्यावरच राहिली. "सणाचा माल म्हणजे दूध हाय साहेब," मालक म्हणतात, "आज इकलं तर इकलं."

पण याच दुकानाच्या मागच्या भिंतीला एक काचेचे कपाट आहे आणि त्यातला माल लोणच्यासारखा मुरत पडलेला असतो. पितळी समया, पानाचे डबे, अडकित्ते, दौती, किल्लीची एचएमटी घड्याळे, बंद पडलेला व्हॉल्वचा रेडिओ. दुकानाचे भाडे पुढचा माल भागवतो. या कपाटातले महिन्याकाठी दोन-चार जिन्नस गेले तरी पुष्कळ. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तिथे व्यापाऱ्याच्या कर्जाचा हिशेब करताना तीन महिन्यांहून जुना माल सहसा मोजतच नाहीत. त्या नियमाने या कपाटाची किंमत शून्य. सोनेतारणाचेही तेच. दागिना आला की सराफ वजन आणि कस सांगे. तो कोणाच्या आजीचा, हे कागदावर कुठेच येत नसे. ते योग्यच होते. बँक आठवणींवर कर्ज देऊ लागली तर बुडेल. तरीही त्या कपाटापुढे उभे राहिले की मला हा हिशेब अपुरा वाटतो.

कपाटातला सर्वांत जास्त विचारला जाणारा जिन्नस म्हणजे निजामाचा चांदीचा रुपया. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर. उस्मान अली खान या नावाचे ते पहिले अक्षर. जुन्या रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के, पुढे १९४०च्या दशकातल्या रुपयात ती निम्म्यावर आली. वजन अकरा ग्रॅमच्या वर, थोडेच. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन रुपये सांभाळावे लागत : हैदराबादचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. सोलापूरच्या बाजाराला जाऊन आलेल्या माणसाला हे गणित तोंडपाठ असे. १९४८च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. त्याचा रुपया मात्र १९५९पर्यंत चलनात टिकला.

हल्ली हा रुपया घेऊन येणाऱ्यांच्या डोळ्यांत लाखाचे आकडे असतात. मोबाइलवर कोणीतरी सांगितलेले असते की अमुक नाण्याला दहा लाख मिळतात, आधी फक्त 'फी' भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला होता, की जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडूनही शुल्क वा कमिशन मागत नाही. मालकांनी त्याचे कात्रण काचेला चिकटवले आहे. ते वाचूनही एखादा विचारतोच, "पण समजा, मिळाले तर?"

नाण्यांपेक्षा मला त्या कपाटाशेजारी रचलेल्या भांड्यांत अधिक रस आहे. आपल्याकडे लग्नात, बारशात, उद्यापनात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत. आता ते यंत्राने होते; पूर्वी कासार बारीक छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी घाली. 'सौ. कां. अमकी हिस मामाकडून आंदण', 'कै. अमके यांचे स्मरणार्थ', मग मुक्काम, तालुका, शके. कुठे अक्षरे उर्दू, कुठे मोडी. मोडीतले नाव असलेले भांडे मोडीत निघावे, हा भाषेचा विनोद मला आवडत नाही. पण घडते तसेच. मुले पुण्या-मुंबईला गेली, वाड्याचे फ्लॅट झाले, हंडे-घागरी ठेवायला जागा नाही, आणि किलोच्या भावाने पितळ जाते. भंगारवाल्याकडून यातली चार भांडी मालक थोडा जास्त भाव देऊन उचलतात. गिऱ्हाईक घागर आवडल्यावर पहिले वाक्य काय बोलते? "एवढं नाव घासून देता का?" परक्याचे नाव दिवाणखान्यात नको असते. मालक घासून देत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हा तोटा आहे, हे त्यांनाही कळते.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरच्या एका दुकानात याच्या उलट पाहिले. तिथे कडे, किरपाण, तसबिरी यांचा हंगाम बारमाही. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला अधिक. पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने कंधारचे नाव घातलेला एक तांब्या निवडला तो नावासाठीच. देवनागरी त्यांना वाचता येत होती, मराठी कळत नव्हती. 'आंदण' म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतले आणि नांदेडची आठवण म्हणून तो तांब्या पंजाबला गेला.

यात एक कायद्याची बाजूही आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. १९१२ सालचा चारमिनार रुपया त्यात बसतो. शेतात नांगराला हंडा लागला, तर १८७८चा कायदा तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. किमतीची मर्यादा दहा रुपये, ती आजही तेवढीच आहे! मी हे सांगितल्यापासून शंभरी ओलांडलेली नाणी मालकांनी विक्रीतून काढून घरी नेली.

आणि एक वहीही घातली. भांडे विकणाऱ्याला ते विचारतात : कोणाचे, कोणत्या कार्याचे, कोणत्या गावचे. निम्म्यांना सांगता येत नाही. सांगता येते ते सगळे वहीत उतरते.

त्या वहीत भूकंपाच्या गावांच्याही नोंदी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता आलेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. दगडमातीच्या भिंतींखालून निघालेले चेपलेले पितळ पुढे कितीतरी वर्षे लातूरच्या बाजारात येत राहिले. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांचे मुखवटे घ्यायला आलेल्या एका बाईंनी अशीच एक घागर उचलून वाचली. मालकांनी विचारले, "मावशी, घरचं नाव हाय का?"

"नाव नाही. गाव आमचं हाय."

मालकांनी मोडीचाच भाव सांगितला. चेपा काढून देऊ का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, राहू द्या. मुखवट्यांच्या भावात मात्र त्यांनी घासाघीस करून पन्नास रुपये पाडून घेतले.