ओपन रॅन : जोडणी खुली झाली, पण जबाबदारी कोणाची?

(किल्लारी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे भूकंप झाला, तेव्हा देशात मोबाइल नव्हताच. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणून टॉवर बंद पडला तर तो किती लवकर सुरू होतो हा प्रश्न या गावासाठी साधा नाही. ओपन रॅनकडे आपण त्याच नजरेने बघू.

रॅन म्हणजे रेडिओ अ‍ॅक्सेस नेटवर्क. तुमचा फोन आणि मोबाइल कंपनीचं जाळं यांना हवेतून जोडणारी यंत्रणा. टॉवरवर अँटेनाजवळ रेडिओ युनिट असतं. ते लहरी सोडतं आणि पकडतं. त्याच्या मागे बेसबँड असतं, म्हणजे हिशेब करणारा भाग. कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची, हे ते ठरवतं. आजवर हे दोन्ही भाग साधारणपणे एकाच कंपनीचे घ्यावे लागत. एरिक्सन, नोकिया, हुवावे अशी मोजकीच नावं. कारण या दोन भागांमधली जोडणी ज्याची त्याची वेगळी.

आता ट्रॅक्टर आठवा. ट्रॅक्टर एका कंपनीचा, पेरणीयंत्र दुसऱ्याचं, रोटाव्हेटर तिसऱ्याचा. तरी सगळं जोडता येतं, कारण मागची तीन बिंदूंची जोडणी ठरलेली आहे. उद्या अवजार बदललं तर ट्रॅक्टर विकावा लागत नाही. ओपन रॅन म्हणजे टॉवरसाठी अशी ठरलेली जोडणी. त्यासाठी २०१८ मध्ये ओ-रॅन अलायन्स स्थापन झाली. एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइच टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच मोबाइल कंपन्यांनी ती सुरू केली. म्हणजे माल विकणाऱ्यांनी नव्हे, घेणाऱ्यांनी.

यात अजून एक गोष्ट आहे, रिक. हा जाळ्यावर देखरेख करणारा सॉफ्टवेअरचा भाग. फोनमध्ये आपण अ‍ॅप टाकतो तसे यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे अ‍ॅप चालू शकतात. समजा, नवरात्रात तुळजापूरला गर्दी झाली. एका टॉवरवर ताण आला तर काही फोन शेजारच्या टॉवरकडे वळवायचे, हे असं अ‍ॅप करू शकतं. रात्री वापर कमी झाला की काही रेडिओ झोपवून वीज वाचवायची, हेही. मोबाइल जाळ्याच्या विजेचा मोठा वाटा रेडिओच्या भागातच जातो, म्हणून ही बचत लहान नाही.

मग अडचण कुठे आहे? पुन्हा ट्रॅक्टरकडे या. पेरणी नीट झाली नाही की अवजारवाला म्हणतो ट्रॅक्टर बघा, ट्रॅक्टरवाला म्हणतो अवजार बघा. आणि वापसा निघून जातो! टॉवरचंही तसंच. चार कंपन्यांचा माल असेल, तर रात्री दोन वाजता बिघाडाचा फोन कोणी उचलायचा?

जगाचा अनुभव काय सांगतो? जपानमध्ये राकुतेनने एप्रिल २०२० मध्ये या पद्धतीचं नवंकोरं जाळं सुरू केलं. तंत्र चाललं, पण धंदा पुढे कित्येक वर्षं तोट्यात होता. अमेरिकेत एटी अँड टीने डिसेंबर २०२३ मध्ये ओपन रॅनसाठी सुमारे १४ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, तो मुख्यतः एकट्या एरिक्सनशी. म्हणजे दार उघडं, पण आत येणारा जुनाच पाहुणा.

आपल्याकडे बीएसएनएलचं स्वदेशी ४जी बघा. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ते देशाला अर्पण झालं. रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, कोअर सी-डॉटचा आणि सगळं जुळवण्याची जबाबदारी टीसीएसची. याला सरळ ओपन रॅन म्हणता येणार नाही. पण धडा तोच आहे : वेगवेगळे भाग चालतात, जर जुळवणारा एक जबाबदार असेल तर. आणि जुळवणारे तयार होतात प्रयोगशाळेत. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या देशी ५जी चाचणी केंद्रात आयआयटी मुंबई आणि समीर या आपल्या मुंबईतल्या दोन संस्था आहेत. अशा ठिकाणी छोट्या कंपनीला आपला माल दुसऱ्याच्या मालाशी जुळतो का, हे तपासता येतं.

म्हणून माझं मत असं : ओपन रॅन हळूहळू येईल. नव्या टॉवरवर आधी, जुन्यावर यंत्र बदलायची वेळ आली की. त्याचं यश जोडणीच्या कागदावर ठरणार नाही, दुरुस्तीच्या करारावर ठरेल.

श्रोत्यांचा प्रश्न : यामुळे आमच्या गावात रेंज वाढेल का?

उत्तर : थेट नाही. लहरींचे नियम तेच राहतात. यंत्र स्वस्त झालं, तर कमी वस्तीच्या ठिकाणी टॉवर उभारणं परवडू शकतं, इतकंच.

प्रश्न : आणि लाइट गेल्यावर?

उत्तर : लाइट गेली की खुलं काय आणि बंद काय, दोन्ही बॅटरीवरच चालतात. बॅटरी, डिझेल आणि फायबरची दुसरी वाट, ही कामं ओपन रॅन करून देत नाही. तेव्हा टॉवर कोणत्या कंपनीचा हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, बॅटरी किती तास चालते.