वाऱ्यानं पडलेली कैरी

वळवाच्या वाऱ्यानं कैऱ्यांचा सडा पडला, की गटात लोणच्याची घाई सुरू होते. कैरी पडली म्हणून वाईट होत नाही, फुटली म्हणून होते. साल तडकली की माती, बुरशी आत शिरते. त्याच दिवशी वेचा, अखंड तेवढ्याच ठेवा, पिण्याच्या पाण्यानं धुऊन कोरड्या पुसा. वटवाघळानं कुरतडलेली फेकूनच द्या. बुरशीचा डाग कापून, फोडी उकळून भागत नाही; काही बुरशींचं विष शिजवूनही उरतं. एका कैरीपायी अख्खी बरणी जाते, वर गिऱ्हाईकही! सडका माल वापरायचा नाही, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. विकायचं तर गट लहान असला तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. तो १४ अंकी क्रमांक, घटक, वजन आणि तारीख लेबलवर छापा.