शाळेचे दार आणि घरची भाषा

संविधानाने मुलांना दिलेल्या समतेचा विचार करताना आपण बहुधा अनुच्छेद १४, १५ आणि १७ यांपाशी थांबतो. अस्पृश्यतेचा दाह सोसलेल्या समाजाने तेथे थांबणे स्वाभाविकच आहे. तथापि अनुच्छेद २९ च्या दुसऱ्या खंडाकडे आमचेही लक्ष उशिराच गेले. राज्याच्या अथवा राज्यनिधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो सांगतो. जातीच्या पंक्तीला येथे भाषा बसविली आहे.

या शब्दाची कसोटी नाशिकजवळच्या देवळालीत लागली. जानेवारी १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाचे नागरिक यांखेरीज कोणाला प्रवेश देऊ नये. तेथील बार्न्स हायस्कूलमध्ये गुजराती मातृभाषेच्या एका गृहस्थांच्या मुलाला त्यामुळे प्रवेश मिळेना. राष्ट्रभाषेची वाढ हा आपला हेतू, असे सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळले. हेतू कोणताही असो, मूल दारात अडले ते भाषेमुळेच. आणि हा हक्क केवळ अल्पसंख्याकांचा नसून प्रत्येक नागरिकाचा आहे, असे न्यायालयाने ठरविले.

दारातून आत आल्यावर काय? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी पुरविण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात आहे. 'प्रयत्न' हा शब्द दुबळा आहे, हे आम्ही स्पष्टच म्हणतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मातृभाषेचे माध्यम 'व्यवहार्य असेल तेथवर' एवढेच मागितले.

मग सारा भार शाळेवर येतो. मेळघाटातून आलेले पहिलीचे मूल वसतिगृहात कोरकूत मनसोक्त बोलते आणि वर्गात गप्प बसते. अशा मुलांना आम्ही कित्येक वर्षे मंद समजत आलो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला तर या तरतुदीचाही आधार नाही, कारण त्याची बोली मराठीतच मोजली जाते. तिला 'अशुद्ध' म्हणून हसणारे मात्र त्याच्याच वर्गात असतात, कधी फळ्यापाशीही.

यंदापासून पहिलीच्या वर्गात वरच्या इयत्तेतील एक कोरकूभाषक विद्यार्थी रोज एक तासिका बसतो. ज्या माजी विद्यार्थ्यांना कोरकू अथवा गोंडी येते, त्यांनी पहिलीच्या पाठ्यपुस्तकातील शब्दांचे प्रतिशब्द आम्हांस देवनागरीत लिहून पाठवावेत.